जर्मन पणजीची जन्मनोंद

प्रश्न : आमची पणजी जर्मन, जन्म 1890 च्या सुमारास. लग्न होऊन बडोद्याला आली, पुढे सगळं घर तिच्याच शब्दावर चाले. तिची जन्मनोंद कुठे मिळेल?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : आधी गाव शोधा, नुसत्या ‘जर्मनी’वर काही हाती लागत नाही. जुन्या कागदावर ‘गेब.’ दिसलं, की पुढचं आडनाव माहेरचं. 1876 पासून सबंध जर्मनीत जन्म ‘श्टांडेसआम्ट’मध्ये, म्हणजे नागरी नोंदणी कार्यालयात, नोंदले जातात. 110 वर्षांनंतर ती पुस्तकं अभिलेखागाराकडे जातात, तेव्हा पत्र तिकडेच धाडा. हस्ताक्षर बहुधा कुरेंट वळणाचं, म्हणजे जुन्या जर्मन धाटणीचं, असेल. त्यात ‘ई’ आणि ‘एन’ जुळ्या बहिणी. ‘यू’च्या डोक्यावर मात्र छोटी कमान असते. आडनावं इथेच चुकतात! समासातल्या टिपांसकट पूर्ण पानाची प्रत मागा. कधीकधी लग्नाची नोंद तिथेच सापडते.