अनुबियासची पाने का गळतात?

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी घरी गोड्या पाण्याची, वनस्पती लावलेली मत्स्यटाकी मांडली. दिवा दिवसभर चालू असतो, तरी अनुबियास या पाणवनस्पतीची पाने गळत आहेत आणि काचेवर हिरवे शेवाळ चढले आहे. मासे केव्हा सोडावेत?

उत्तर : आधी अनुबियासचे आडवे खोड पाहावे. ते वाळूत गाडले असेल तर कुजते; बोटाने दाबून मऊ लागणारा भाग कापून टाकावा आणि उरलेले खोड दोऱ्याने दगडाला किंवा लाकडाला बांधावे. रोपवाटिकांत ही रोपे बहुधा पाण्याबाहेर वाढवलेली असल्यामुळे टाकीत आल्यावर काही जुनी पाने गळणारच. नवी पालवी कशी फुटते यावरूनच रोपाची पारख करावी. शेवाळाचे कारण मात्र दिवा हेच दिसते. सुरुवातीला ६ ते ८ तास पुरेत, आणि हे काम आपल्या आठवणीवर न सोपवता टायमरवर सोपवलेले बरे.

माशांची घाई नको. विष्ठेतून व उरलेल्या खाद्यातून तयार होणाऱ्या, माशांना घातक अशा अमोनियाचे गाळणीच्या स्पंजावरील जीवाणू आधी नायट्राइट (तेही घातकच) व मग बरेच कमी घातक नायट्रेट करतात, आणि त्यांची वसाहत जमायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकावे, म्हणजे जीवाणूंची उपासमार होत नाही. पाण्याच्या चाचणीत अमोनिया वाढून पुन्हा उतरला, आणि नायट्राइटसह शून्यावर आला, की मोजकेच मासे सोडावेत. पुढे दर आठवड्याला सुमारे २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनमुक्त असावे आणि स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा.