न मागता सुरू झालेला रतीब

प्रश्न : ताई, मी तीन वर्षांपूर्वीच डीएनडी (जाहिरातींचे फोन-मेसेज नकोत अशी नोंदणी, ‘डू नॉट डिस्टर्ब’) करून घेतलंय, तरी एका साडीच्या दुकानाचे मेसेज काही थांबत नाहीत. श्रावण सेल झाला, दसरा सेल झाला, आता लग्नसराई. मी यांना कधी हो म्हटलंच नाही. मग डीएनडीचा उपयोग काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : हो म्हटलं नाही असं वाटतं खरं, पण जरा आठवून बघा. बिल करताना काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता ‘मोबाईल नंबर?’ विचारलं असणार, मागे रांग, हातात पिशव्या, आपण दहा आकडे घडाघडा सांगून मोकळे. माझंही तेच झालंय. एका कपड्यांच्या दुकानात सूट मिळत होती म्हणून मेंबरशिपचा फॉर्म भरला, घरी येऊन चष्मा लावून माझी प्रत वाचली तर सहीच्या वर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘ऑफर्स कळवण्यास माझी हरकत नाही’ आणि पुढच्या चौकोनात टिक आधीच केलेली. पेनाने नाही हो, छापलेली! खोडायची तर मीच खोडायची होती, आणि मी तर सही करून आले होते.

यालाच ऑप्ट-आउट म्हणतात. तुम्ही नाही म्हणेपर्यंत तुमचं हो धरायचं, मौनं संमतिलक्षणम्. ऑप्ट-इनमध्ये उलटं, चौकोन रिकामा असतो आणि तुम्ही स्वतः टिक केलीत तरच हो. दुधाचा रतीब आपण एकदा सांगून लावतो, मग रोज सांगावं लागत नाही, नको असेल त्या दिवशी ‘उद्या नको’ म्हणायचं, इथवर ठीकच आहे. पण न सांगताच कुणी रोज दारात पिशवी ठेवून जायला लागला आणि वर म्हणाला की नको होतं तर आधी बोलायचं ना, तर आपण त्याला काय म्हणू?

आता गंमत अशी की डीएनडी हेसुद्धा ऑप्ट-आउटच आहे. २००७ मध्ये ही नोंदणी सुरू झाली तेव्हापासून गृहीत हेच, की जाहिराती येणार, नको असतील तर तुम्ही १९०९ या नंबरवर कळवा. आणि ट्रायच्या (फोन कंपन्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे एखाद्या कंपनीला तुम्ही स्वतंत्रपणे संमती दिली असेल तर ती डीएनडीच्या वरचढ ठरते. दुकानदार नेमकं तिथेच बोट ठेवतो, ‘मॅडम, तुम्हीच नंबर दिलात.’ आता नुसता बिलासाठी दिलेला नंबर म्हणजे जाहिरातीला संमती असं माझ्या मते अजिबात होत नाही, पण तुम्हीही माझ्यासारखा एखादा फॉर्म भरला होतात का ते आधी आठवा.

मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी डॅश आणि पी असेल तर ती जाहिरात, टी असेल तर व्यवहाराचा, जी असेल तर सरकारी. पी वाल्या मेसेजमध्ये नको म्हणायची सोय द्यायलाच हवी असा ट्रायचा २०२५ पासूनचा नियम आहे, ती आधी वापरा (दुकान ओळखीचं असेल तरच हं, भलत्याच नावाने आलेल्या लिंकला हात लावू नका). तरी थांबलं नाही तर १९०९ वर तक्रार करा, मेसेज आल्यापासून सात दिवसांच्या आत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येत असेल तर डीएनडी तिथे पोचतच नाही, सरळ ब्लॉक करा.

आणि पुढच्या वेळी काउंटरवर ‘नंबर देत नाही’ म्हणून बघा. ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना सांगितलंय की नंबरसाठी अडून बसू नका. मी म्हणून पाहिलं, तर मुलगी म्हणे सिस्टीम पुढे जात नाही. मी म्हटलं मग साडी राहू दे. सिस्टीम लगेच पुढे गेली.

प्रश्न : माझी भाची जर्मनीत असते, ती म्हणते तिकडे आधीच केलेली टिक चालतच नाही. आपल्याकडे असं काही येणार का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : बरोबर सांगते भाची. तिथल्याच एका ऑनलाईन लॉटरीवाल्या कंपनीने कुकीजची (आपण वेबसाइटवर काय करतो याची नोंद ठेवणाऱ्या छोट्या फाइल्सची) टिक आधीच करून ठेवलेली, ग्राहक संघटना कोर्टात गेली आणि १ ऑक्टोबर २०१९ ला युरोपच्या न्यायालयाने सांगून टाकलं की ही संमती नव्हेच, माणसाने स्वतः काहीतरी करायला हवं.

आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच आहे, संमती स्पष्ट कृतीने दिलेली हवी आणि देणं जितकं सोपं तितकंच परत घेणंही सोपं हवं. शिवाय काय माहिती घेतोय आणि कशासाठी, हे तुम्हाला मराठीत वाचायची सोय द्यायला लागणार. पण नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि संमतीची कलमं लागू व्हायला तिथून पुढे दीड वर्ष, म्हणजे २०२७ चा मे महिना उजाडणार. तोवर चष्मा पर्समध्येच ठेवा.

प्रश्न : ऑनलाईन तिकीट काढताना दहा रुपये देणगी आपोआप जोडली गेली. दान केलं म्हणून सोडून देऊ का? – एक वाचक, पणजी

उत्तर : दान तुम्ही केलंच नाहीये, त्यांनी तुमच्या खिशातून केलंय. न विचारता बिलात काही घुसवणं ३० नोव्हेंबर २०२३ च्या डार्क पॅटर्नच्या (ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाईन क्लृप्त्यांच्या) नियमांत बसत नाही, देणगीचा तर त्यात नाव घेऊन उल्लेख आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करा, दहा रुपये आहेत म्हणून लाजू नका.