फळांच्या कोशिंबिरीला पाणी का सुटतं?

प्रश्न : कलिंगडाची कोशिंबीर करते, पण पानात वाढेपर्यंत तळाशी पाणी साचतं आणि फोडी मऊ पडतात. काय चुकतं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : बहुतेक वेळा मीठ लवकर पडतं. कलिंगडात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं आणि मीठ किंवा साखर लागली की ते फोडीतून बाहेर ओढलं जातं. म्हणून मीठ अगदी शेवटी, सगळे पानावर बसल्यावर घाला. फोडी बारीक केल्या तरी रस जास्त सुटतो, कारण कापलेली बाजू वाढते. बोथट सुरीने तर फळ कापलं न जाता चेंगरतं.

चार जणांसाठी असं करून पाहा. अख्खं कलिंगड तीन-चार तास फ्रिजमध्ये गार करा. बिया काढून साधारण पाऊण इंचाच्या फोडी करा, तीन वाट्या भरून. त्या दहा मिनिटं चाळणीत निथळत ठेवा आणि खाली आलेला रस सरबतात वापरा. एक काकडी उभी चिरून मधला बियांचा गर चमच्याने काढून टाका; पाणी तिथूनही सुटतं. दोन मोठे चमचे कैरी सुरीनेच बारीक चिरा, किसू नका. तोतापुरी असेल तर थोडी जास्त चालते, गावठी आंबट असेल तर निम्मीच घ्या. कैरी असताना लिंबू लागत नाही. हे सगळं पुदिन्याच्या दहा-बारा पानांबरोबर हलक्या हाताने एकत्र करून फ्रिजमध्ये ठेवा. वाढताना पाव चमचा सैंधव, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चमचे दाण्याचं जाडसर कूट घाला. कूट आधी घातलं तर ते ओल शोषून लिबलिबीत होतं. जिरं-हिंगाची फोडणी हवी असेल तर ती पूर्ण गार करून घाला, कारण गरम तेलाने फोडी लगेच मऊ पडतात.

प्रश्न : अननस घालून दह्यातली कोशिंबीर केली, तासाभराने कडू लागली. दही खराब होतं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दही चांगलंच असणार. न शिजवलेल्या अननसातलं ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम) दह्यातली प्रथिनं तोडतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. पपई आणि किवीतही असंच विकर असतं. उष्णतेने ते निकामी होतं, म्हणून दोन वाट्या अननसाच्या फोडी दोन चमचे साखर घालून रस उकळेपर्यंत आणि वर पाच-सात मिनिटं शिजवा. पूर्ण गार झाल्यावर रस निथळून वाटीभर चक्क्यात मिसळा. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, तो तसाच चालतो. आंबा, केळं, डाळिंब, द्राक्षं यांची ही अडचण नाही. पपई मात्र दह्यात घालूच नका. तिला लिंबू, मीठ आणि मिरपूडच शोभते.

प्रश्न : डब्यात दिलेलं सफरचंद काळं पडतं. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : दोन वाट्या पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवून फोडी त्यात पाच मिनिटं ठेवा, साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. वरून थोडं लिंबू चोळलं तरी चालतं. केळं मात्र आयत्या वेळीच चिरा.

प्रश्न : खरबूज सोलायचंच असतं, मग धुवायची काय गरज? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : गरज आहेच. त्याच्या जाळीदार सालीत माती आणि जंतू अडकून बसतात आणि सुरी ते थेट गरात नेते. वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासा, पुसून कोरडं करा, मगच कापा. कापलेली फळं उन्हाळ्याच्या दिवसांत तासाभराहून जास्त बाहेर ठेवू नका. झाकून फ्रिजमध्ये ठेवली तरी त्याच दिवशी संपवा, आणि रस्त्यावर कापून उघडी ठेवलेली फळं मुलांना देऊच नका.