बुडालं कसं, ते आधी विचार

चि. मुली,

दीवला जाऊन आलीस, ‘खुकरी’ या बुडालेल्या युद्धनौकेच्या स्मारकापाशी उभी राहिलीस आणि काहीच वाटलं नाही म्हणतेस. त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. काचेतलं मॉडेल बघून रडू यायलाच हवं असा काही नियम नाही. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ‘खुकरी’वर लेख लिहिणार म्हणतेस, एवढं लांबलचक पत्र, आणि जहाज बुडालं कसं हा प्रश्नच त्यात नाही!

९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘खुकरी’ आणि ‘कृपाण’ या आपल्या दोन युद्धनौका ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर होत्या. ‘खुकरी’वर सोनारमधल्या, म्हणजे पाण्यातल्या आवाजावरून पाणबुडी हुडकणाऱ्या यंत्रातल्या, एका सुधारणेची चाचणी चालली होती, म्हणून वेग कमी ठेवलेला. हळू गेलं की स्वतःची घरघर कमी होते, पाण्यातलं नीट ऐकू येतं. पण हळू जाणारं जहाज टॉर्पेडोला आयतंच सापडतं. ‘हँगोर’ फ्रेंच बनावटीची, तिचा कान आपल्या जुन्या, ब्रिटिश बनावटीच्या युद्धनौकेपेक्षा कितीतरी तिखट. तिने आधी ऐकलं आणि टॉर्पेडो सोडून ‘खुकरी’ बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

‘खुकरी’चे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट दुसऱ्याला दिलं, जहाज सोडलं नाही, हे तू लिहिशीलच. सगळेच लिहितात. बुडालं कसं, ते लिही.

माझी उमेदीची वर्षं नौदलात हेडफोन लावून सोनार ऐकण्यात गेली. वरचं पाणी कोमट, खालचं गार. त्या थरापाशी आवाज वाकतो, आणि पाणबुडी खाली असूनही कानात शुकशुकाट. निवृत्तीनंतर एका कार्यक्रमात हे सांगायला लागलो तर आयोजकांची चिठ्ठी आली, ‘श्रद्धांजलीपुरतं बोला.’ मी पूर्ण बोललो. पुन्हा बोलावणं नाही. नसू दे! माणसं कशाने गेली हे न विचारता हात जोडायचे, हा कसला आदर? हट्टी म्हणतात मला. म्हणोत. सलतं ते एवढंच, की त्या रात्री वाचलेल्या एकाशी ओळख होती आणि भिडेखातर मी त्याला कधी काही विचारलं नाही. आता तो नाही.

तू भीड धरू नकोस. सुट्टीत पुन्हा जा. त्याच नावाची दुसरी युद्धनौका ‘खुकरी’ही आता दीवलाच आहे, आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली, १९८९ मध्ये नौदलात आलेली. तिथल्या माणसाला विचार, सोनार जहाजाच्या कुठल्या भागात असतो. त्याला सांगता आलं नाही तर मला फोन कर, रात्री नऊच्या आत.

मग लेख पाठव. सुरुवातीलाच ‘सागराच्या कुशीत’ दिसलं तर पुढे न वाचता परत धाडीन.

तुझा,
काका