गोषवारा, सारांश आणि प्रबंधाच्या कानातला डूल

बडोद्याच्या एका संशोधिकेचा प्रश्न आहे. शिक्षणशास्त्रात त्यांची पीएच.डी. चालू आहे आणि प्रबंध मराठीतून, महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाला सादर करायचा आहे. त्या लिहितात: “सुरुवातीच्या पानांत अ‍ॅब्स्ट्रॅक्टला मी ‘गोषवारा’ म्हटलं होतं. मार्गदर्शकांनी ‘हा कचेरीतला यावनी शब्द प्रबंधात शोभत नाही’ म्हणून खोडला आणि ‘सारांश’ लिहिलं. पण पाचव्या प्रकरणाचं नाव ‘सारांश, निष्कर्ष व शिफारशी’ असंच आहे. आता अनुक्रमणिकेत दोन सारांश झाले. टाइप करणाऱ्याने एका मसुद्यात ‘घोषवारा’ केलं होतं, ते बरोबर का? आणि मार्जिनला मराठीत काय म्हणू? इथे सगळे हांसियो म्हणतात.”

शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो माझा जुना सल आहे. ‘घोषवारा’ असा शब्द मराठीत नाही. मंडळांच्या वार्षिक सभांत चिटणीस उभे राहून ‘जमाखर्चाचा घोषवारा सादर करतो’ म्हणतात ते मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे. मोठ्याने वाचायचा असतो म्हणून घोष, अशी त्यांची समजूत. दुसरी एक समजूत ‘गोष्टीचा वारा’ अशी आहे, तीही एका निवृत्त शिक्षकाने मला पूर्ण विश्वासाने सांगितली होती. दोन्ही सोडून द्या.

सारांश म्हणजे सार अधिक अंश, संक्षेप म्हणजे एकत्र टाकलेलं. त्यात उकलण्यासारखं फार नाही. खरी मौज गोषवाऱ्यात आहे.

शब्द फार्सी, गोशवारा. ‘गोश’ म्हणजे कान. हिंदीतला खरगोश आठवा: ‘खर’ म्हणजे गाढव, गाढवासारखे कान असलेला तो खरगोश. ‘वार’ हा प्रत्यय ‘जोगा’ किंवा ‘बाळगणारा’ अशा अर्थाचा. तो आपल्याकडे ‘उमेदवार’ या शब्दात रोज भेटतो, उमेद बाळगणारा तो उमेदवार. (पीएच.डी.च्या उमेदवाराने गोषवारा लिहावा यात एकच प्रत्यय दोनदा येतो, हे मला फार आवडतं.) तर गोश अधिक वार, कानाजोगी वस्तू, म्हणजे कानातलं. डूल, कुडी, बाळी, काय हवं ते म्हणा. फार्सी-उर्दूच्या जुन्या कोशांत गोशवारा या नोंदीखाली कर्णभूषण आणि हिशेबाचा आटोपशीर तक्ता हे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात. आपल्याकडे दप्तरातून दुसरा तेवढा आला, दागिना मागे राहिला.

आता दागिन्याचा हिशेब कसा झाला? एक मत असं की ‘गोशा’ म्हणजे कोपरा, आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलेली बेरीज तो गोशवारा. ‘गोशा’ मराठीला अनोळखी नाही. बायकांचा गोषा, म्हणजे पडदा, तो त्याच कोपऱ्यावरून आला. हे मत मांडणारे लोक विद्वान आहेत, पण मला ते मुळीच पटत नाही. कोपऱ्यावरून शब्द घडवायचा तर ‘वारा’ कशाला लागला? कानातल्यासाठी गोशवार हा घडीव शब्द फार्सीत असताना त्याला बाजूला सारून कोपरा शोधत जाणं म्हणजे दारातून न जाता भिंत फोडणं. शिवाय गोशा हा शब्दसुद्धा गोशवरूनच फुटलेला धरतात, खोलीचा कान तो कोपरा. म्हणजे फिरून कानापाशीच यायचं.

माझा तर्क वेगळा आहे आणि तो मी गेली कित्येक वर्षं उराशी धरून आहे. मराठीत आपण एखादी गोष्ट वरिष्ठांच्या ‘कानावर घालतो’. सगळं दप्तर वाचायला ना दिवाणाला वेळ असतो, ना कारभाऱ्याला. कारकून शंभर पानांचा हिशेब बांधतो आणि त्यातलं मोजकं साहेबांच्या कानावर घालतो. कानात घालायचा तो डूल, कानावर घालायचा तो गोषवारा. फार्सी बोलणाऱ्याच्या मनात नेमकं हेच होतं असा पुरावा माझ्यापाशी नाही, पण मराठीत हा शब्द इतका घट्ट रुजला त्याचं कारण मला इथेच दिसतं. ‘कानावर घालणं’ आपल्याकडे होतंच, तिथे गोषवारा येऊन बसला. आमच्या दांडिया बाजारातल्या घरी आजोबा (बडोदे संस्थानात कारकून होते) महिनाअखेरी खर्चाची वही पुढ्यात घेत आणि आजीला हाक मारत: “अहो, गोषवारा ऐका!” ‘बघा’ असं कधी म्हणाले नाहीत, नेहमी ‘ऐका’. आजी लिहायला-वाचायला शिकलेली होती, वही तिलाही वाचता आली असती. पण गोषवारा ऐकायचाच, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

हे सगळं कान-प्रकरण लावल्यावर एक दिवस मला अवेस्ता आडवा आला. प्राचीन इराणी भाषेत कानाला ‘गओश’ म्हणत, आणि भाषाशास्त्रज्ञ त्याचा सख्खा भाऊ म्हणून आपल्या संस्कृतातला ‘घोष’ दाखवतात. धातू एकच. सिंधूच्या अलीकडे त्याचा अर्थ झाला आवाज, पलीकडे झाला तो आवाज ऐकणारा अवयव. तोंड आपल्याकडे राहिलं आणि कान त्यांच्याकडे गेला! म्हणजे ते चिटणीस आणि तुमचा टाइप करणारा नकळत तीनेक हजार वर्षं मागे जाऊन त्या एका धातूवर बोट ठेवून आले. तरीही ‘घोषवारा’ चूकच. मूळ एक असलं म्हणून भावाच्या नावावरचं घर आपलं होत नाही. मराठीत शब्द ‘ग’ने आला, ‘ग’नेच लिहायचा. पुढचा ‘ष’ मात्र मराठीने रूढ केलेला आहे, पोषाखातल्यासारखा, तो राहू द्या.

आता तुमच्या मार्गदर्शकांचं ‘यावनी’. त्यांच्याशी माझं भांडण नाही, पण या विचाराशी आहे. त्याच अनुक्रमणिकेत ‘शिफारशी’ आहेत, त्या फार्सी. ‘तक्त्यांची सूची’ असेल, तक्ता फार्सी. संशोधनाचा ‘नमुना’ फार्सी. तुम्ही ‘मसुदा’ म्हणालात, तो अरबी, शाईने काळा केलेला कागद. ‘मुद्दा’ अरबी, ‘मजकूर’ अरबी. ही सगळी मंडळी प्रबंधात मानाने बसली आहेत आणि एकट्या गोषवाऱ्याला दाराबाहेर काढायचं?

या बाबतीत माझा मोठ्या माणसाशीही वाद आहे. माधव जूलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन, जन्म आपल्या बडोद्यातला, १८९४ चा. फार्सीचे प्राध्यापक, आणि १९२५ साली फार्सी-मराठी कोश रचणारे. मराठीत किती फार्सी मुरलेली आहे हे त्यांच्याइतकं कुणी मोजलं नव्हतं. आणि तेच पुढे भाषाशुद्धीच्या बाजूला गेले, स्वतःच्या कवितांतले फार्सी शब्दही वेचून काढू लागले. त्यांच्याबद्दल आदर पुरेपूर ठेवून सांगतो, ज्या हातांनी विहीर खणली त्याच हातांनी ती बुजवायला घेतली. मला बडोद्याचाच दुसरा दाखला जवळचा वाटतो. सयाजीराव महाराजांनी १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश छापून घेतला. त्यात इंग्रजी संज्ञेपुढे सात भाषांतले शब्द एका ओळीत मांडले: मराठी, गुजराती, हिंदी, संस्कृत, बंगाली, उर्दू, फार्सी सगळ्या एका पंगतीत. कुणाला उठवलं नाही, ज्याला जो शब्द कामाचा त्याने तो उचलावा.

मार्जिनबद्दल. मराठी शब्द ‘समास’. शाळेत ‘वहीला समास आखा’ असं सांगायचे तोच. गुजरातीतला हांसियो आणि हिंदीतला हाशिया अरबीतून आले, मूळ अर्थ काठ, किनार. बडोद्यात वाढलेल्या मराठी मुलांना समास म्हटलं की व्याकरणातला द्वंद्व-तत्पुरुषच आठवतो, याचं मला वाईट वाटतं. काठाला समास का म्हणायचं? सम् अधिक अस्, एकत्र टाकणं. संक्षेपाचाही शब्दार्थ हाच. गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत म्हणतात ‘तत्समासेन मे शृणु’, ते थोडक्यात ऐक. पाहा, तिथेही ‘शृणु’ आहे, ऐकच! समर्थांनी दासबोधाचे वीस दशक केले आणि प्रत्येकात दहा समास ठेवले, एकूण दोनशे, तेही आटोपशीर तुकडे म्हणूनच. मग काठ कुठून आला? जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहिल्या असतील तर आठवेल, पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत ग्रंथाचं नाव एक-दोन अक्षरांत आखडून लिहिलेलं असतं आणि पानाचा आकडा असतो. ते आखडलेलं नाव म्हणजे समास, आणि त्यावरून ती जागाच समास झाली, असं मी मानतो. इराणी कारकुनाने थोडक्यातलं कानाला अडकवलं, आपल्या लेखकाने ते काठाला ठेवलं. प्रबंधात मात्र डावा समास बांधणीसाठी जास्त सोडावा लागतो, बहुतेक ठिकाणी दीड इंच, बाकी तीन बाजूंना एक. तुमच्या विद्यापीठाचं परिपत्रक पाहून घ्या. इंच कमी पडला तर शिवणीत अक्षरं जातात आणि मग काळं कापडी बाइंडिंग उसवत बसावं लागतं.

राहिला तुमचा मूळ प्रश्न. दोन सारांश ठेवू नका. पाचव्या प्रकरणातला सारांश हा प्रबंधाच्या देहाचा भाग आहे. त्यात समस्येचं विधान, उद्दिष्टं, परिकल्पना, कार्यपद्धती यांची उजळणी होते आणि तिथून निष्कर्षांवर जाता येतं. मागची चार प्रकरणं हातात धरूनच तो वाचायचा असतो. सुरुवातीचा मजकूर तसा नाही. तो प्रबंधापासून सुटा होऊन फिरतो: परीक्षकाकडे आधी तो जातो, शोधगंगेवर पुष्कळदा त्याची फाईल वेगळी दिसते. (शोधगंगा म्हणजे देशभरातल्या प्रबंधांचा ऑनलाइन साठा; तो सांभाळणारं इन्फ्लिबनेट हे केंद्र आपल्या गांधीनगरलाच आहे.) ज्याने प्रबंध उघडलाही नाही त्याला तेवढ्यावर सगळं कळलं पाहिजे: प्रश्न काय होता, जनसंख्या कोणती, नमुना किती आणि कसा निवडला, पद्धत आणि साधनं कोणती, हाती काय आलं. त्यात तक्ते नकोत, ‘पुढील प्रकरणात पाहू’ नको, दुसऱ्यांची अवतरणं नकोत. एपीए शैलीच्या (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखननियमांच्या) सातव्या आवृत्तीत साधारण २५० शब्दांची मर्यादा आहे. विद्यापीठ जास्त मागत असेल तर विद्यापीठाचं ऐका. कानातलं जसं काढून हातात घेतलं तरी पुरं असतं, तसा हा मजकूर सुटा आणि पुरा असतो, म्हणून त्याला गोषवारा हेच नाव योग्य. मार्गदर्शकांना हे सांगा. तरीही नकोच म्हणाले तर ‘संक्षेप’ लिहा, पण दुसरा ‘सारांश’ नको.

आणखी एक, तुम्ही विचारलेलं नाही, पण बडोद्यात ही गफलत नेहमी दिसते म्हणून सांगतो. गुजरातीत पीएच.डी.च्या थिसिसला महानिबंध म्हणतात, त्यामुळे इथली मराठी मुलं मराठीतही ‘माझा शोधनिबंध पूर्ण झाला’ म्हणतात. मराठीत शोधनिबंध म्हणजे नियतकालिकात किंवा परिषदेत जाणारा पेपर. एम.एड.चा तो लघुशोधप्रबंध, आणि तुमचा शोधप्रबंध किंवा नुसता प्रबंध. मुखपृष्ठावर हा शब्द तपासा, पूर्वपृष्ठांत ऋणनिर्देशानंतर ‘गोषवारा’ घाला, पाचव्या प्रकरणाचं नाव आहे तसंच राहू द्या, आणि टाइप करणाऱ्याकडून ‘घ’चा ‘ग’ सगळ्या पानांवर करून घ्या. एखादा पानाच्या तळाशी किंवा पुठ्ठ्यावर हमखास राहतो.