व्हर्च्युअलबॉक्सवर (एका संगणकात आभासी मशीन्स चालवणारं सॉफ्टवेअर) सुरिकाटा (नेटवर्कवरची रहदारी तपासून हल्ल्याचा इशारा देणारं सॉफ्टवेअर) बसवलाय. टेस्ट अलर्ट येतो, पण कालीवरून (हल्ल्यांच्या चाचणीसाठीची लिनक्स) हल्ले केले तर काहीच दिसत नाही. होम नेट (सुरिकाटानं 'आपले' धरायच्या पत्त्यांची यादी) डिफॉल्ट ठेवलं तर चालेल ना?

नाही चालणार. "टेस्ट अलर्ट येतो" वाचलं आणि जुनी जखम ठसठसली, म्हणून लिहायला बसलो.

तो टेस्ट अलर्ट म्हणजे २१००४९८ नंबरचा नियम. त्यात दोन्ही बाजूंना एनी-एनी आहे, म्हणजे कुठलाही पत्ता, कुठलाही पोर्ट. होम नेटमध्ये तुम्ही वाट्टेल ते भरा, तो वाजणारच. पॅकेट सेन्सरपर्यंत (सुरिकाटा चालतो त्या मशीनपर्यंत) पोचतंय, यापलीकडे त्यातून काही कळत नाही.

हे मला एका पतसंस्थेत कळलं. आठ शाखा, मुख्य कार्यालयात स्विचचा एक पोर्ट मिरर करून (म्हणजे तिथल्या रहदारीची नक्कल घेऊन) फायरवॉलच्या आतल्या बाजूला सेन्सर लावलेला. पहिल्याच दिवशी मी सबनेटची, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या भागात कुठले पत्ते आहेत त्याची, यादी मागितली. आमचे सीनियर म्हणाले, "आपण काय नकाशे काढायला आलोय? डिफॉल्ट ठेव." टेस्ट अलर्ट वाजवून दाखवला, सही घेतली, चहा प्यायलो, निघालो. तीन महिने डॅशबोर्ड कोरा. मॅनेजर खूश, "बघा, आपलं नेटवर्क किती स्वच्छ!"

मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा मेल आला, की तुमच्याकडून स्पॅम बाहेर जातोय. मी जाऊन बघतो तर मुख्य कार्यालयातल्या सगळ्या पीसींना २००.२००.१ ने सुरू होणारे पत्ते! कुण्या जुन्या हार्डवेअरवाल्यानं लक्षात ठेवायला सोपे म्हणून दिलेले. डिफॉल्ट होम नेटमध्ये फक्त १९२.१६८, १० आणि १७२.१६ चे खाजगी पट्टे असतात. म्हणजे सुरिकाटाच्या लेखी आख्खं मुख्य कार्यालय परकं. 'होम नेटकडून एक्स्टर्नल नेटकडे' असे जेवढे नियम होते, ते त्या पीसींसाठी मुके. यादी मागितली होती तेव्हा कुणी दिली नाही, आणि मीटिंगमध्ये मात्र "बसवलं कोणी?" म्हणून बोट माझ्याकडे. मी मागणी लेखी केली नव्हती, ही माझी चूक. तेवढीच.

तुमच्याकडे उलटं झालंय. होस्ट-ओन्लीवर (व्हर्च्युअलबॉक्सचं संगणकापुरतंच आतलं नेटवर्क) काली आणि बळी मशीन (ज्यावर हल्ला करताय ते) दोन्ही १९२.१६८.५६ मध्ये असणार, म्हणजे दोघंही घरचेच. एक्स्टर्नल नेट म्हणजे 'होम नेट सोडून बाकीचं', त्यामुळे हल्लेखोर बाहेरचा धरलाच जात नाही. होम नेटमध्ये फक्त बळी मशीनचा पत्ता /३२ लावून (म्हणजे तो एकच पत्ता) टाका. सेन्सरच्या अडॅप्टरला प्रॉमिस्क्युअस मोड (दुसऱ्या मशीन्सची पॅकेट्सही बघू देणारी सेटिंग) 'अलाउ ऑल' करा, डिफॉल्टला तो बंद असतो. टेस्ट अलर्ट सेन्सरवरूनच कर्ल (वेब पत्ता उघडणारी कमांड) मारून काढला असेल, तर हे तपासलंच गेलेलं नाही. मग सुरिकाटा रीस्टार्ट. नॅट की ब्रिज वगैरे नेटवर्क जोडणीचे प्रकार नंतर बघा.

आणि नोकरीत गेलात तर सबनेटची यादी मेलवर मागा, तोंडी नको. उत्तर नाही आलं तर पुन्हा मेल करा, सीनियर वैतागले तरी. आमचे अजून म्हणतात, "सेन्सर तर चालू होता ना!"

हो, एक राहिलं. एवढं करूनही प्रत्येक हल्ला दिसेल असं नाही. एचटीटीपीएसच्या आतलं सुरिकाटाला वाचता येत नाही, आणि साध्या एनमॅप (उघडे पोर्ट शोधणारं साधन) स्कॅनला नियम गप्प बसू शकतात. आणि हे प्रयोग ऑफिसच्या वायरवर परवानगीशिवाय करू नका.