फणस पोर्तुगीज? मग आठळ्या काय लिस्बनहून आल्या?

गुहागरच्या एका पालकांचा प्रश्न: आठवीतल्या मुलीने गृहपाठात ‘फणस’ हा शब्द तद्भव, म्हणजे संस्कृतातून रूप बदलत मराठीत आलेला, म्हणून लिहिला. गाइडात तो लोणचे, हापूस, तंबाखू यांच्या रांगेत, पोर्तुगीज शब्दांत आहे, म्हणून बाईंनी फुली मारली. बरोबर कोण?

मुलगी. फुली गाइडावर मारा.

ही यादी एका गाइडातून दुसऱ्यात उतरत आलीय आणि ती पाहिली की माझं डोकं फिरतं. अहो, फणस म्हणजे संस्कृत ‘पनस’. ‘पाश’चा फास झाला तसा ‘प’चा ‘फ’, ‘पानीय’चं पाणी झालं तसा ‘न’चा ‘ण’. रामाच्या सैन्यात पनस नावाचा वानर आहे. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ साली. जुळवा आता!

खरी गंमत पुढेच आहे. पोर्तुगीज लोक फणसाला ‘जाका’ म्हणतात आणि तो शब्द त्यांनी मलबारातल्या ‘चक्क’वरून उचलला. इंग्रजीतल्या जॅकफ्रूटचा जॅक तो हाच, कुणी साहेब नव्हे. म्हणजे फणसाचं नाव त्यांनी आपल्याकडून नेलं, आणि आम्ही उरलेलं नावही त्यांच्याच खात्यावर मांडतोय. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६३ साली छापलेल्या ग्रंथात मलबारी लोक याला जाका म्हणतात, इकडचे पनस, असं स्वच्छ नोंदवतो. भाजलेल्या आठळ्यांचंही कौतुक करतो. गाइडवाल्यांना त्याच्यापेक्षा जास्त पोर्तुगीज येतं की काय?

माझा तर्क असा की घोळ अननसाने घातला. अननस खरोखरच पोर्तुगिजांबरोबर आला, शब्द मुळात ब्राझीलकडच्या आदिवासी भाषेतला. शेवटी ‘नस’, अंगाला काटे, सोलायची कटकट. कुणीतरी दोघांना एकाच टोपलीत भरलं. पुरावा नाही माझ्याकडे, पण याहून बरं कारण अजून कुणी सांगितलेलं नाही.

हां, लोणचं राहिलं. तेही आपलंच: ‘लवण’, मीठ, त्याचं लोण. (लोण्याला यात ओढू नका, ते ‘नवनीत’.) हापूस मात्र बेलाशक त्यांचा, अफोन्सोवरून. तंबाखूही.

पालकांनी लिहिलंय की प्रश्न दारातल्या फणसाखाली बसून लिहितोय. कापा की बरका, ते नाही लिहिलं. बरका असेल तर सांदणांचं आमंत्रण पोचलं असं समजतो.